पहिलंच काय?

बेळगावच्या खडेबाजारातल्या त्या दुकानात आम्ही शिरलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने आधी बायकोच्या पोटाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या यादीकडे, आणि विचारलं, "पहिलंच काय, दादा?" मी हो म्हटलं. तशी ती काउंटर सोडून बाहेर आली आणि "मग वर चला, वर सगळी व्हरायटी आहे," म्हणत जिना चढायलाही लागली. वर एसीचा गारवा, नव्या प्लास्टिकचा वास, भिंतीवर गोऱ्यापान बाळांचे मोठमोठे फोटो आणि ओळीने लावलेल्या बाबागाड्या. ती एकेक वस्तू काढून दाखवायची आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच वाक्य बोलायची, "हे तर लागतंयच." सातवा महिना, पहिलं बाळ, त्यात लागतंयच म्हटल्यावर नको म्हणायची छाती कुणाची होते? बिलाच्या रांगेत आमच्या पुढे एक बाई होती. कडेवर दोन-अडीच वर्षांचं पोरगं, पोटात दुसरं. आम्ही आलो तेव्हाच ती खाली होती. तिला कुणी वर चला म्हटलं नव्हतं आणि तिनेही कुणाला काही विचारलं नव्हतं. स्वतःच रॅकमध्ये हात घालून हवं ते काढत होती, कापड बोटांत चुरगाळून बघत होती, नको ते परत ठेवत होती. तिच्या टोपलीत रबरशीट होतं, पांढऱ्या सुती लंगोटांचा गठ्ठा, मिटवून ठेवता येणारी बारकी मच्छरदाणी, नखं कापायची बोथट टोकाची कात्री आणि झाकणाची एक बादली. संपलं. तिचं बिल किती झालं ते मला दिसलं. आमचं किती झालं ते मी आईला अजून सांगितलेलं नाही.

ती टोपली काही डोक्यातून जाईना.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटी बघतो. माल पास करायचा की रिजेक्ट, हेच दिवसभर. त्यासाठी समोर ड्रॉइंग लागतं, कुठल्या मापात किती सूट चालते ते ठरलेलं लागतं. बाळाच्या सामानाला ड्रॉइंगच नसतं. मोबाइलवरून उतरवून घेतलेली आमची यादी चांगली चार पानी होती. त्यात बाळाला पुसायचे ओले कागद गरम करणारं यंत्र होतं, बाटल्या वाळवायचा स्टँड होता, आंघोळीच्या पाण्याचं तापमान सांगणारं प्लास्टिकचं बदक होतं. वाचून हसू येतं, पण मला ती यादी वेडगळ वाटत नाही. ती एका ठरावीक घरासाठी लिहिलेली आहे. त्या घरात दोनच माणसं आहेत, दार बंद आहे, आणि रात्री तीन वाजता "आण इकडं" म्हणणारं तिसरं कुणी नाही. पुण्यातला माझा मित्र अगदी तसल्याच फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्याकडे यातल्या बऱ्याच वस्तू आहेत आणि त्या रोज वापरात आहेत. आमच्या शहापुरातल्या घरात आई आहे, भिंतीला भिंत लागून काकी आहे, समोर अज्जी आहेत, आणि बाळ रडलं की दार न वाजवता आत येणाऱ्या गल्लीतल्या बायका आहेत. पाण्याचं तापमान बघायला इथे कोपर आहे. मात्र या हातांचंही मोल द्यावं लागतं. प्रत्येक हाताबरोबर एक मत येतं. बदक निदान गप्प बसतं.

आईचं पहिलं मत असं, की बाळ यायच्या आधी घरात काही आणायचं नाही. त्यामुळे दुकानातलं सामान सरळ मित्राच्या माळ्यावर गेलं. दुसरं मत, जन्मल्यावर पहिलं अंगडं नवं घालायचं नाही, चांगल्या खेळत्या-हसत्या पोराचं जुनं घालायचं. ते झबलं खानापूरकडच्या चुलत वहिनीने दिलं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की शिवणसुद्धा बोटाला लागत नव्हती. मी सवयीने उलटंपालटं करून बघितलं. पाठीला नुसते बंद, बटण नाही, आणि शिवण बाहेरच्या अंगाला. वरच्या मजल्यावरच्या झबल्यांना मानेमागे एक कडक लेबल होतं आणि पुढे चकचकीत बारकी बटणं. बाळाच्या घशात काय अडकेल हे तपासायला खेळण्यांच्या धंद्यात एक ठरलेला सिलिंडर असतो, आतला व्यास ३१.७ मिलिमीटर. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती द्यायची नाही. पीस मापात बसतो की नाही ते बघायचा आमचा गो-नो-गो गेजच की तो! मी लेथवर तसला एक टर्न करून घेतला आणि घरी आणला. सिरपचं बूच, गॅसच्या लायटरचं टोपण, चिमणाळ्यातल्या लाकडी चिमण्या, आईच्या पर्समधली सुपारी, सगळं त्यात घालून बघितलं. चिमण्या रिजेक्ट झाल्या. बायको त्या सिलिंडरला माझं खेळणं म्हणते.

वहिनीच्या कपाटातून त्या झबल्याबरोबर एक जुनी पिशवीही निघाली. तिच्या पहिल्या बाळंतपणात सरकारी दवाखान्यात मिळालेली, मडिलु किटची. कर्नाटक सरकारने २००७ मध्ये ही योजना काढली, दारिद्र्यरेषेखालच्या आणि सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायकांसाठी. किटमध्ये १९ वस्तू असायच्या आणि वहिनीला त्या अजून जवळजवळ पाठ आहेत. मच्छरदाणी, सतरंजी, चादर. बाळाला रबरशीट, लंगोट, बंडी, स्वेटर, टोपी, मोजे, साबण. इथपर्यंत मी मान डोलावत होतो. मग ती पुढे बोलायला लागली: बाळंतिणीला जाड पांघरूण, पोटाला बांधायचं कापड, अंगाचा साबण, पॅड, फणी, खोबरेल तेल, ब्रश आणि पेस्ट. आमच्या चार पानांत बाळंतिणीसाठी एक ओळ नव्हती. फणी तर सोडाच. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार असाच एक खोका देतं, आधी गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्यांना. अट एकच, आईने चौथा महिना संपायच्या आत तपासणी करून घ्यायची. खोक्याच्या तळाशी गादी असते, बाळ त्यातच झोपवता येतं. या दोन्ही याद्या करणाऱ्यांना कुणाला काही विकायचं नव्हतं. वहिनीचं रबरशीट अजून चांगलं होतं, कडेला थोडं कडक झालेलं, बाकी ठणठणीत. ते आम्ही मागून घेतलं.

पाळणा अज्जींकडून आला. अज्जी मूळच्या बैलहोंगलच्या. मराठी झकास बोलतात, रागावल्या की कन्नडवर जातात. सागवानी पाळणा, लाल-हिरवा-पिवळा रंगवलेला. गल्लीतली किती पोरं त्यात निजून मोठी झाली याचा हिशेब फक्त अज्जींना माहीत. "कूसू चांगलं झोपतंय बघ यात," एवढीच गॅरंटी. कूसू म्हणजे बाळ. मी मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. आई कपाळाला हात लावून बघत राहिली. पाळण्याच्या गजांमधली फट ६ सेंटीमीटरच्या वर नको असा अमेरिकेत नियम आहे, कारण त्याहून मोठ्या फटीतून बाळाचं अंग घसरतं आणि डोकं मागे अडकतं. अज्जींच्या पाळण्याची फट पावणेआठ भरली. सांगितल्याबरोबर अज्जी कन्नडवर गेल्या. मतलब असा, की एवढ्या वर्षांत कुणाचं डोकं अडकलं नाही ते तुझ्याच पोराचं बरं अडकणार! याला उत्तर नसतं. कारखान्यातही मी हेच ऐकतो, "साहेब, आजवर एक पीस परत आला नाही." मी सुताराला बोलावून दर दोन गजांमध्ये एकेक गज घालून घेतला. तो पॉलिश पेपर काढून रंग घासायला बसला तेव्हा मात्र त्याचा हात धरला. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, मर्यादा लागू झाली ती २०१७ साली. त्याआधीच्या चकचकीत लाल-पिवळ्यांचा भरवसा नाही, आणि असला रंग सुका घासला की शिसं धूळ होऊन घरभर बसतं. त्यात दात यायला लागले की पोर गज चावणारच. शेवटी पाळणा सुताराच्या शेडात नेला, ओला करून रंग खरवडला आणि वर नुसता जवसाच्या तेलाचा हात दिला. परत आला तेव्हा अज्जींनी त्याच्यावरून हात फिरवला, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "मुंडण केलास की रे ह्याचं."

रात्री पाळणाही नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पाठीवर निजवायचं, गादी सपाट आणि कडक, जवळ मऊ काही ठेवायचं नाही. आईने तर केव्हाच राईची उशी शिवून ठेवलेली, डोकं गोल व्हावं म्हणून. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर निजवा अशी मोहीम निघाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आलं. कुणाला एक वस्तू विकत घ्यावी लागली नाही. गजांभोवती बांधायच्या फुगीर तक्क्यांवर तर तिथे २०२२ पासून बंदीच आहे. खडेबाजारात ते जिना चढल्याबरोबर समोरच्या रॅकला लावलेत, ससे आणि ढग काढलेले. आईशी मी वाद घातला नाही, डॉक्टरीणबाईंनाच परत विचारायला लावलं. त्यांच्याकडून आल्यावर तिने उशी गुपचूप स्वतःच्या मानेखाली घेतली. मानदुखीला बरी आहे म्हणते.

पोरगी जूनअखेरीस झाली. इथला पाऊस ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. टॉवेल चार-चार दिवस दमट, भिंतीला ओल, आणि लंगोटांची दोरी घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत. मागच्या पडवीत आईने शेगडी पेटवली, तिच्यावर बांबूचं डालगं उपडं घातलं आणि डालग्यावर लंगोट पसरले. कोळसा, ओलं सूत आणि वर टाकलेला ओवा यांचा मिळून एक वास आठवडेच्या आठवडे घराला लागून राहिला. ऑफिसात माझ्या शर्टालाही तो यायचा. शेगडी खोलीत आणायची नाही आणि धुरी कपड्यांना द्यायची, बाळाला नाही, एवढ्यावर तह झाला. दिवसा लंगोट, रात्री डायपर. यावर दोन्ही बाजूंची कडवी माणसं मला भेटली आहेत. आम्ही पाऊस बघून ठरवलं. डायपर कागदात गुंडाळून, कचऱ्यात वेगळा द्यायचा असतो. नियम २०१६ पासून आहे, घंटागाडीवाल्याला सांगितलं तर तो माझ्याकडे बघून हसला. हे सगळं शेवटी तुरमुरीच्या कचरा डेपोलाच जातं आणि तिथल्या लोकांना त्याचा काय वास येतो ते मी एकदा तिकडून जाताना घेतलेला आहे. त्या बाईच्या टोपलीतली झाकणाची बादली कशाला होती ते पहिल्याच आठवड्यात कळलं. रात्रभराचे लंगोट त्यात भिजत पडायचे, झाकण घट्ट, घराला पत्ता नाही. त्याच सुमारास पोरीचं अंग एकदा तापलं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० पॉइंट ४ ताप म्हणजे घरी काढा-लेप करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. हाताला गरम लागतंय की नाही यावर घरात तीन मतं होती. दीडशे रुपयांच्या डिजिटल थर्मामीटरने ती मिटवली. आमच्या घरात कुणाच्या मताला न जुमानणारी तेवढी एकच वस्तू.

दुधाच्या बाटलीबद्दल दुकानातली मुलगी एक शब्द बोलली नव्हती, हे मला मागाहून जाणवलं. बाकी सगळं लागतंयच. बाटली आणि दुधाची पावडर यांची जाहिरात करायला, त्यावर सूट किंवा भेटवस्तू द्यायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. विकायला नाही, भलामण करायला. पाळण्याच्या तक्क्यांना असला कायदा का नसावा? असो. आईने ट्रंकेतून बोंडलं काढलं, चांदीचं, बहुतेक माझंच. उकळून घेतलं तेव्हा चोच थोडी चेपलेली दिसली. दक्षिणेकडच्या दवाखान्यांत कमी दिवसांच्या, ओढून पिता न येणाऱ्या बाळांना अशाच चोचीच्या भांड्याने दूध पाजतात. का ते हातात घेतल्यावर कळतं. उघडं भांडं, आत सगळीकडे बोट पोचतं, घाण दडून बसायला कोपरा नाही. बाटलीच्या बुचाला आतून चार कंगोरे असतात आणि ब्रश नेमका तिथेच वळत नाही.

बायको हायस्कूलला शिकवते. सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली तेव्हा जी वस्तू घेतली ती दुकानाच्या वरच्या मजल्यावर नव्हतीच. दूध काढायचा पंप खाली कोपऱ्यात ठेवला होता, औषधांच्या बाजूला. बाळासाठी घेतलेल्या सगळ्या सामानात सर्वांत उपयोगी निघाला तो हा, आणि तो बाळ हातातसुद्धा धरत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेला आतून कडी लावून ती मधल्या सुट्टीत तो चालवायची, परीक्षानळ्यांच्या शेजारी. काढलेलं दूध पंचवीस अंशांच्या आतल्या हवेत चार तास चालतं, फ्रिजमध्ये चार दिवस. बेळगावच्या हवेचा एवढा फायदा पुण्याच्या मित्राला नाही. आईला आधी ते बघवत नसे. "गाईम्हशीचं काढल्यासारखं," एवढं बोलून आत जायची. मग एक दिवस तिनेच फ्रिजमधला डबा काढून कोमट पाण्यात धरला, बोंडल्यात ओतला आणि मला म्हणाली, "एवढं मशीन आमच्या वक्ताला असतं तर मी नोकरी सोडलो नसतो." आई तारखात्यात होती हे मला माहीत होतं. का सोडली हे कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मी विषय पुढे नेला नाही, तिनेही नाही.

हिवाळ्यात एका सप्लायरकडे संकेश्वरला गेलो होतो. रस्त्याकडेला ऊसतोड चालली होती, टोळी मराठवाड्याकडची. बांधावरच्या बाभळीला जुन्या हिरव्या लुगड्याची झोळी बांधलेली. गाडी उभी करून बघितलं. झोळीच्या वरच्या अंगाला, बाळाच्या तोंडाच्या जरा वर, आडवी काठी घातली होती. काठीच्या दोन्ही टोकांना खाच, कापड त्या खाचांत बसवून दोन फेरे मारलेले. त्यामुळे झोळीचं तोंड उघडं राहत होतं आणि कापड चेहऱ्यावर मिटत नव्हतं. एवढं साधं आणि एवढं बरोबर डिझाइन मी त्या वरच्या मजल्यावर बघितलं नव्हतं. सहा-सात वर्षांची बहीण दोरी ओढत होती. आई वीसेक पावलांवर मोळ्या बांधत होती आणि मोळी आवळली की एकदा मान वळवून झोळीकडे बघत होती. मला ती काठी आवडली म्हणून ते सगळं आवडलं असं नाही. त्या बहिणीने त्या वेळी शाळेत असायला हवं होतं. त्या आईसमोर चार पानी यादी नव्हती, तशीच निवडही नव्हती, आणि मी मात्र शंभर गोष्टींतून पाच निवडल्याचा तोरा मिरवत होतो. गाडीत बसताना मोबाइल काढून त्या खाचांचा फोटो घ्यावा असं मनात आलं. घेतला नाही.

आमच्याकडे झोळीऐवजी छातीशी बांधायचा कॅरिअर आहे. दुकानातल्या महागड्या सामानापैकी हा वसूल झाला. बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर आणि पाय दोन बाजूंना फाकलेले असले पाहिजेत, खुब्याच्या सांध्याला ते चांगलं. पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणं वाईट. म्हणजे आपली कडेवर घ्यायची रीतच. हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू नये, एवढं फक्त बघत राहायचं. संध्याकाळी मी पोरगीला बांधून किल्ला तलावावर चक्कर मारायचो. बायका बघून हसतात, पुरुष बघून नजर वळवतात. एक म्हातारे गृहस्थ रोज थांबवून विचारत, "घरात आजारी हाय काय कोण?" बाबागाडीचं म्हणाल तर आमच्या गल्लीच्या फरश्यांत तिची चाकं दर दोन हातांवर अडकतात. मंगल कार्यालयात ती फर्स्टक्लास चालते.

वॉकर मामाने आणला, कोल्हापूरहून, दिवे आणि गाणी असलेला. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायला, मागवायला, जाहिरात करायलाही बंदी आहे. घरातला जुना दुसऱ्याला विकणंसुद्धा त्यात आलं. पोर जिन्यावरून त्याच्यासकट खाली जातं, गरम भांड्यापर्यंत पोचतं, आणि वर चालायला काही लवकर शिकत नाही, कारण ते चालत नसतंच, लोंबकळून चवड्यांनी ढकलत असतं. आमच्या घराला तीन उंबरे आणि एक उघडा जिना आहे. मामाला परत ने म्हणणं शक्य नव्हतं. मी त्याची चाकं काढली आणि जागेवर रबरी बूट बसवले. आता तो नुसता बसायचा स्टूल झाला, गाणी म्हणणारा, तेही पाच-दहा मिनिटं. पुढच्या खेपेला मामाने तो बघितला, काही वेळ गप्प राहिला. "दाजी, नवी गाडी घेऊन चाकं काढून ठेवता काय हो तुम्ही?" चालायला पांगुळगाडा त्याच सुताराकडून करून घेतला. पहिल्या दिवशी तो पोरीच्या हातातून पुढे पळाला, म्हणून चाकांचा आस जाणूनबुजून घट्ट करून घेतला. आता तो कुरकुरत, अडखळत जातो. तिला तो रेटावा लागतो. ती रेटते, बसते, पुन्हा धरून उठते.

राहिली गाडीतली सीट. यावर घरात अजून तह झालेला नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय गाडीत बसवलं तर हजार रुपये दंड, हे २०१९ पासून कायद्यात आहे. दुचाकीवर नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या पोराला हेल्मेट आणि मोठ्या माणसाला बांधणारा पट्टा हवा आणि वेग चाळीसच्या आत, हा नियम २०२२ चा. खडेबाजारात उभं राहून बघा, स्कूटरवर पुढ्यात उभी केलेली पोरं मोजता मोजता दमाल. सीट मात्र मी नवीच घेतली. बाकी सगळं जुनं चालेल, पण अपघातात सापडलेल्या सीटच्या आत काय तडा गेलाय ते बाहेरून दिसत नाही, आणि असली तपासणी करायला माझ्याकडे यंत्र नाही. ती मागच्या बाकावर, पोरीचं तोंड मागे करून बसवलेली असते. परवा कोल्हापूरला तिच्या आजोळी निघालो. काकती सुटायच्या आत पोरीने सूर लावला. हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत आई शेजारी बसून खुळखुळा वाजवत होती. संकेश्वरला तिने खुळखुळा पर्समध्ये टाकला. "लेकराला असं बांधून घालतात काय? मांडी काय झिजलीय माझी?" तवंदी घाटात मी वेग कमी केला, पट्टा सोडला नाही. निपाणीला थांबलो, पोरगी प्यायली, खेळली, परत बांधल्याबरोबर परत सुरू.

"परतीला मी एसटीनं येणार," आई म्हणाली, "आणि पोरगी माझ्या मांडीवर असणार."

बायको आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि आई, एसटी बंद असली तर?" सीमेवर काही झालं की दोन्हीकडच्या बसगाड्या पहिल्या बंद पडतात, हे गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं, पोरगी सोडून.

"तर चालत येतो," आई म्हणाली. "खरं बांधून नेऊ देणार न्हाई."